मे १८५४चे दहा दिवस: अमेरिकेचं यादवी युद्ध तिथेच ठरलं का?

कोरडवाहू

मंडळी, गेले दोन महिने रात्रीची जेवणं आटोपली की अमेरिकन यादवी युद्धाच्या आधीची दहा-बारा वर्षं वाचत बसतोय. लढायांत मला रस नाही. कुठल्या जनरलने कुठल्या टेकडीवर तोफा चढवल्या हे वाचताना पेंग येते. कुतूहल आहे ते त्याच्या आधीचं. एकच राज्यघटना मानणारी, एकच बायबल वाचणारी, एकमेकांत सोयरिकी असलेली माणसं एकमेकांच्या नरडीला हात घालण्यापर्यंत पोचली कशी?

शाळेत एका ओळीत शिकवलं होतं: लिंकनने गुलामगिरी बंद करायला घेतली, म्हणून दक्षिण बिथरली. वाचायला बसलो तर क्रम वेगळाच निघाला. १८६०च्या निवडणुकीत लिंकन म्हणत होता की जिथे गुलामगिरी आहे तिथे आम्ही हात लावणार नाही, फक्त नव्या प्रदेशांत ती पसरू देणार नाही. एवढ्यावर साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६०ला बाहेर पडलं, १६९ विरुद्ध ० मतांनी. म्हणजे घर आधीच पेटलेलं होतं, लिंकन हे फक्त खिडकीतून बाहेर आलेलं धुराचं पहिलं लोट.

मग आग लागली कधी? माझं म्हणणं आहे, मे १८५४च्या शेवटच्या आठवड्यात. आता नमनाला घडाभर तेल.

१७८७च्या राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्दच नाही. ‘सेवेला बांधलेली व्यक्ती’ असली घुमवाघुमवी आहे. पण प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं हा हिशेब मात्र आहे. मत द्यायचा अधिकार शून्य आणि मालकाच्या राज्याचं वजन वाढवायला तीन पंचमांश! १८२०मध्ये मिझुरीला गुलामगिरीवालं राज्य म्हणून आत घ्यायचं का यावरून भांडण झालं तेव्हा नकाशावर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ मारली. फ्रान्सकडून विकत घेतलेल्या पश्चिमेच्या मुलखात रेघेच्या वर गुलामगिरी नाही, अपवाद फक्त मिझुरीचा. तराजू सारखा राहावा म्हणून समोरून मेनला मुक्त राज्य म्हणून आत घेतलं. मेक्सिकोशी युद्ध करून प्रचंड मुलूख हाती आल्यावर १८५०मध्ये पुन्हा तडजोड: कॅलिफोर्निया मुक्त राज्य, आणि बदल्यात दक्षिणेला पळपुट्या गुलामांचा कडक कायदा.

हा कायदा नीट बघा, कारण सगळी मेख इथे आहे. पळून उत्तरेत आलेल्या माणसाला मालकाने ओळखलं की प्रकरण केंद्राने नेमलेल्या कमिशनरपुढे जायचं. ज्युरी नाही. आरोपीला स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची सोय नाही. कमिशनरने माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर त्याला फी १० डॉलर, सोडून दिला तर ५ डॉलर. शिवाय मार्शलने, म्हणजे केंद्राच्या पोलीस अधिकाऱ्याने, हाक मारली तर रस्त्यावरच्या कुणाही नागरिकाने धरपकडीला मदत केलीच पाहिजे. तोवर उत्तरेतल्या माणसाला गुलामगिरी म्हणजे ‘तिकडे लांब, त्यांचं ते बघतील’ अशी गोष्ट होती. या कायद्याने ती त्याच्या उंबऱ्यात आणून उभी केली.

आता ते दहा दिवस.

अँथनी बर्न्स, वीसेक वर्षांचा, व्हर्जिनियातून जहाजात लपून मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनला आला आणि एका कपड्यांच्या दुकानात कामाला लागला. घात केला पत्राने. व्हर्जिनियातल्या भावाला त्याने पत्र लिहिलं. हुशारी म्हणून ते कॅनडामार्गे पाठवलं, पण आत मायन्यावर बॉस्टन लिहून बसला. पत्र पडलं मालकाच्या हाती. २४ मेच्या संध्याकाळी दुकान बंद करून घरी निघालेल्या बर्न्सला चोरीच्या खोट्या आळावर धरलं आणि कोर्टाच्या इमारतीत नेलं. तिथे मालक चार्ल्स सटल त्याची वाट बघत उभाच होता.

२६ तारखेच्या रात्री काळ्या-गोऱ्यांच्या जमावाने ओंडक्याने कोर्टाचं दार फोडायचा प्रयत्न केला. झटापटीत पहाऱ्यावरचा एक जण मेला, बर्न्स आतच राहिला. अध्यक्ष पिअर्सने वॉशिंग्टनहून तार केली, लागेल तो खर्च करा. कमिशनर लोरिंगने निकाल मालकाच्या बाजूने दिला. २ जूनला त्या एका पोराला कोर्टापासून धक्क्यापर्यंत न्यायला मरीन, तोफखाना आणि मिलिशिया रस्त्यावर. दुतर्फा सुमारे पन्नास हजार माणसं. खिडक्यांना काळं कापड. स्टेट स्ट्रीटवर, रस्त्याच्या वर, एक शवपेटी टांगलेली आणि तिच्यावर एकच शब्द: स्वातंत्र्य. ‘शरम करा’च्या आरोळ्यांत बर्न्स, अंगावर नवा सूट, जहाजाकडे चालत गेला.

त्याच आठवड्यात वॉशिंग्टनमध्ये काय चाललंय बघा. २२ मेला प्रतिनिधिगृहाने कॅन्सस-नेब्रास्का कायदा ११३ विरुद्ध १०० मतांनी पास केला, ३० मेला पिअर्सची सही झाली. सिनेटर स्टीफन डग्लसला पश्चिमेकडे रेल्वे न्यायची होती. त्यासाठी दक्षिणेची मतं हवी होती आणि मतांची किंमत म्हणून त्याने १८२०ची रेघ पुसून टाकली. आता नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी की नसावी हे तिथले रहिवासी मतदानाने ठरवणार. ऐकायला किती लोकशाहीवादी वाटतं ना!

बॉस्टनच्या एमोस लॉरेन्सने बर्न्सच्या प्रकरणावर लिहिलंय की आम्ही रात्री झोपलो तेव्हा तडजोडवाले जुने व्हिग (तेव्हाचा एक मोठा पक्ष) होतो, सकाळी उठलो ते गुलामगिरीच्या विरोधात वेडेपिसे होऊन. हा लॉरेन्स कापडगिरण्यांच्या घराण्यातला. त्याची गिरणी चालायची ती दक्षिणेच्या कापसावर. असा माणूस उलटला, म्हणून म्हणतो की तिथेच ठरलं. त्याच्याच पैशाने पुढे कॅन्ससला गुलामगिरीविरोधी वसाहतवाले गेले आणि तिथल्या लॉरेन्स गावाला त्याचंच नाव पडलं.

जाणकारांनी खोडून काढावं. चूभूद्याघ्या.

---

आळशी_मांजर

खुर्ची टाकून बसले आहे. एक बाळबोध शंका: दहा आणि पाच डॉलर, हा फरक उघडउघड लिहायला कुणाला लाज नाही वाटली? कारण काय दिलं होतं?

कोरडवाहू

@मांजरताई, कारण एकदम सरकारी! माणूस परत पाठवायचा तर कागदपत्रं जास्त करावी लागतात, म्हणून फी जास्त. विरोधकांनी अर्थात याला सरळ लाच म्हटलं.

जुना_खोडकर

लेख उत्तम, पण बाजू एकच आलीय. गुलामगिरी हे निमित्त. मूळ भांडण राज्यांच्या हक्कांचं आणि जकातीचं. उत्तरेच्या कारखानदारांना आयातीवर जकात हवी होती, दक्षिणेला कापूस विकून स्वस्त विलायती माल घ्यायचा होता. १८३२-३३मध्ये साउथ कॅरोलायनाने जकातीवरूनच केंद्राला आव्हान दिलं होतं, तेव्हा अँड्रू जॅक्सनने फौजा पाठवायची धमकी दिली होती. गुलामगिरी ही नंतर जेत्यांनी चिकटवलेली नैतिक झालर आहे. इतिहास जिंकणारे लिहितात हो.

कोरडवाहू

@खोडकरकाका, १८३२चं तुमचं बरोबर. पण तेव्हा युद्ध झालं नाही, हे पण बघा. आणि १८५७ची जकात त्या काळातली सगळ्यात कमी होती. जकात वाढवणाऱ्या मॉरिल कायद्यावर सही झाली २ मार्च १८६१ला, तोवर सात राज्यं निघून गेलेली. ती सभागृहात बसून राहिली असती तर तो कायदा सिनेटमधून सुटणं कठीण होतं.

राहिले राज्यांचे हक्क. इथेच गंमत आहे. साउथ कॅरोलायनाने फुटून निघण्याची कारणं स्वतःच लिहून ठेवलीत. तक्रार काय? उत्तरेची राज्यं पळपुटे गुलाम परत देत नाहीत, आमचा कायदा हाणून पाडणारे कायदे करतात, न्यूयॉर्कमधून तर गुलाम घेऊन साधा प्रवासही करू देत नाहीत. म्हणजे गाऱ्हाणं हे की उत्तरेची राज्यं स्वतःचे हक्क वापरताहेत! १८५४मध्ये विस्कॉन्सिनमध्ये लोकांनी तुरुंग फोडून जोशुआ ग्लोव्हरला सोडवलं, तिथल्या सुप्रीम कोर्टाने केंद्राचा कायदा घटनाबाह्य ठरवला. राज्याचा हक्क म्हणजे आणखी काय असतो? तेव्हा दक्षिणेला केंद्राची पूर्ण ताकद हवी होती. बॉस्टनच्या रस्त्यावर मरीन कुणासाठी उभे होते?

आणि झालर जेत्यांनी लावली म्हणता, तर मिसिसिपीचं निवेदन वाचा. सुरुवातीलाच म्हणतात की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. फुटून निघालेल्या दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१मध्ये सव्हानाच्या भाषणात म्हणाला, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला आहे. हे लिहिणारे-बोलणारे हरायचे होते अजून.

तीन_पंचमांश

+१. सहमत. (आयडी आजच बदलला.)

सरकीवाला

धागाकर्त्यांची गाडी १८५४ला थांबली, मी ती १७९३ला नेतो. आमच्याकडे खानदेशात सगळं कापसापासून सुरू होतं, म्हणून असेल.

हाताने सरकी काढायचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. आमच्या आजीकडे जुना रेचा होता, दोन लाटण्यांमधून कापूस ओढायचा, सरकी मागे टपटप पडायची. पण तो चालतो लांब धाग्याच्या, सरकी सहज सुटणाऱ्या कापसाला. अमेरिकेच्या आतल्या भागात यायचा तो आखूड धाग्याचा, हिरव्या सरकीचा. तिला तंतू असे चिकटून बसायचे की एका माणसाचा अख्खा दिवस अर्ध्या किलोत जायचा. १७९३मध्ये एली व्हिटनीच्या जिनने दातऱ्यांच्या रुळाने हे काम मिनिटांवर आणलं. झालं! जॉर्जियापासून टेक्ससपर्यंत जिथे कापूस येईल तिथे मळे. सरकी यंत्राने निघायला लागली, पण वेचणी हातानेच. वेचायला माणसं हवीत. १७९०च्या शिरगणतीत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६०मध्ये जवळजवळ ४० लाख. आणि १८०८पासून बाहेरून आणायला बंदी! म्हणजे ही वाढ तिथल्या तिथे झाली. व्हर्जिनिया, मेरीलँडमधली जमीन तंबाखूने थकली आणि तिथली माणसं खाली दक्षिणेला विकली गेली, आई एकीकडे, पोर दुसरीकडे.

१८६०मध्ये अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा. सिनेटर हॅमंड १८५८मध्ये छाती ठोकून म्हणाला होता की कापूस राजा आहे, त्याच्याशी युद्ध करायची जगात कुणाची छाती नाही. असा पैसा कुणी तडजोडीने सोडतो काय? आमच्याकडे बांधावरून खून पडतात.

अवांतर: त्या राजाची गादी काही वर्षं आमच्याकडे आली होती. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली, इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या उपाशी, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असं म्हातारी माणसं सांगायची. मुंबईत प्रेमचंद रायचंदांच्या नावावर शेअरचा जुगार पेटला, समुद्र बुजवायच्या कंपनीचे कागद वेड्यासारखे विकले गेले. १८६५मध्ये तिकडे युद्ध संपलं आणि इकडे सगळं कोसळलं. धावा विकल्या का ते म्हातारे सांगायचे नाहीत.

आळशी_मांजर

सरकीवाले, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका बरं. इथे वाया जाईल.

पाटीवरचा_खडू

कॅन्ससमधल्या ‘रहिवाशांनी मतदानाने ठरवावं’ याचं पुढे काय झालं ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मार्च १८५५मध्ये विधिमंडळाची निवडणूक झाली. शिरगणतीप्रमाणे मतदार २,९०५. मतं पडली ६,३०७! शेजारच्या मिझुरीतून टोळ्याच्या टोळ्या बंदुका घेऊन आल्या, मत देऊन परत गेल्या. पेट्या पळवणं वगैरे आपण उगाच आपली परंपरा समजतो.

आणि पुढचा मे, म्हणजे १८५६चा. २१ मेला गुलामगिरीवाल्यांनी लॉरेन्स गाव लुटलं. २२ला तर सिनेटमध्येच राडा. मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी चार्ल्स समनरने कॅन्ससवर दोन दिवस भाषण केलं होतं, त्यात साउथ कॅरोलायनाच्या म्हाताऱ्या सिनेटर बटलरची जहरी टवाळी. बटलरचा नातलग प्रेस्टन ब्रूक्स खालच्या सभागृहात होता. तो कामकाज संपलेल्या सिनेटमध्ये आला. समनर बाकावर बसून पत्रं लिहीत होता. ब्रूक्सने हातातली काठी त्याच्या डोक्यात घालायला सुरुवात केली. बाक जमिनीला स्क्रूने आवळलेला. समनरचे पाय त्यात अडकले, उठता येईना. शेवटी बाक उपटून तो उठला आणि रक्तबंबाळ होऊन पडला. काठीचे तुकडे झाले तरी ब्रूक्स मारतच होता.

मला विचाराल तर ठरलं ते या मारहाणीत नाही, तिच्या नंतर. ब्रूक्सला दंड झाला ३०० डॉलर. त्याने राजीनामा दिला आणि मतदारांनी त्यालाच परत निवडून पाठवला. दक्षिणेतून लोकांनी त्याला नव्या काठ्या भेट धाडल्या. मॅसॅच्युसेट्सने समनरची खुर्ची तीनेक वर्षं रिकामी ठेवली. एकाच घटनेकडे बघून एक बाजू काठ्या पाठवते आणि दुसरी रिकामी खुर्ची सांभाळते, तेव्हा बोलणी कोण कुणाशी करणार? २४ मेच्या रात्री गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन याने कॅन्ससमध्ये पॉटावॉटमी ओढ्याकाठी गुलामगिरीवाल्या पाच जणांना घराबाहेर काढून तलवारीने कापलं. चार दिवसांत हे सगळं.

जुना_खोडकर

निवेदनं वाचली. जकातीचा मुद्दा मागे घेतो, पूर्ण नाही, पण बराचसा.

मात्र एक सांगा. दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. साधारण चारातल्या एका घराकडे असावा. मग बाकीचे तिघे कशासाठी मरायला गेले? मळेवाल्यांच्या इस्टेटीसाठी?

पाटीवरचा_खडू

काका, प्रश्न खरा आहे. काही उत्तर नकाशात आहे. ज्या डोंगराळ भागात गुलाम कमी होते, तिथले लोक खरंच गेले नाहीत. व्हर्जिनियाचा पश्चिम भाग फुटून वेगळं राज्य झाला, पूर्व टेनेसी शेवटपर्यंत केंद्राच्या बाजूने कुरबुरत राहिली. पण सपाटीवरचा गरीब गोरा? त्याच्याकडे जमीन नव्हती, पण त्याच्याखाली कुणीतरी होतं. उद्या तो ‘खालचा’ मोकळा झाला तर आपण कुठे, ही भीती. ती समजायला आपल्याला पुस्तक लागू नये. आपल्या गावच्या पाणवठ्याचा इतिहास आठवा.

वडाची_पारंबी

पाणवठा निघालाच आहे तर: जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ छापलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र भावंडांसाठी तो कित्ता गिरवावा म्हणून. पुस्तक मराठीत, अर्पणपत्रिका मात्र इंग्रजीत. पुण्यात बसून, तिकडचं युद्ध संपून आठ वर्षं होतात न होतात तोवर. आमच्या शाळेत लिंकनचा धडा होता आणि फुल्यांचाही होता, पण दोन्हींमधली ही तार कुणी जोडून दाखवली नाही.

कोरडवाहू

पारंबीताई, हे मला लेखातच घ्यायला हवं होतं. धन्यवाद.

नुसताच_वाचक

धागाकर्त्यांना एक दुरुस्ती. ‘एका आठवड्यात ठरलं’ हे जरा नाटकी होतंय. व्हिग पक्ष १८५२ची अध्यक्षीय निवडणूक हरला तेव्हाच त्याला घरघर लागली होती. आणि ५४नंतरही वाटा होत्या. मार्च १८५७मध्ये सरन्यायाधीश टॉनीने ड्रेड स्कॉट खटल्यात सांगितलं की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही आणि नव्या प्रदेशात गुलामगिरी रोखायचा काँग्रेसला अधिकारच नाही, तेव्हा मधली वाट खऱ्या अर्थाने बंद झाली. कारण मग लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच बेकायदा ठरला. कोर्टाला वाटलं आपण वाद मिटवतोय.

कोरडवाहू

नाटकी झालंय, मान्य. व्हिगांबद्दलही मान्य. पण एक आकडा सांगतो, मग सोडतो. कॅन्सस-नेब्रास्काला हो म्हणणारे उत्तरेतले डेमोक्रॅट प्रतिनिधी होते ४४. पुढच्या निवडणुकीत परत आले ७. त्यानंतर दक्षिणेशी जुळवून घेणारा उत्तरेचा पुढारी ही जातच विरळ झाली. राजकारण सोडून वकिलीत रमलेला लिंकन परत सभांना उभा राहिला तोही याच कायद्यामुळे. टॉनीने बंद केलेल्या वाटेवर चालणारे आधीच थोडे उरले होते. १८६०ला चार उमेदवार, लिंकनला देशभरात ४० टक्क्यांहूनही कमी मतं, आणि दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकासुद्धा नाही. एका देशात दोन निवडणुका झाल्या म्हणा ना.

आळशी_मांजर

सगळे कायद्याचं बोलताय. त्या बर्न्सचं काय झालं पुढे? तो गेला की विसरलात त्याला.

रिचमंडकरीण

मांजरताई, ते मी सांगते, कारण तो माझ्या गावात आला. मी रिचमंड, व्हर्जिनियात बारा वर्षं राहतेय.

बर्न्सला इथे लंपकिनच्या तुरुंगात ठेवलं होतं, चार महिने, बेड्या घालून. रॉबर्ट लंपकिन हा गुलामांचा व्यापारी, तुरुंग त्याचा खासगी. माणसं लिलावापर्यंत कोंडून ठेवायची जागा. लोक तिला ‘सैतानाचा अर्धा एकर’ म्हणायचे. जागा मेन स्ट्रीट स्टेशनाच्या मागे आहे, हायवेला लागून. अ‍ॅम्ट्रॅकने कुणाला घ्यायला गेले की मी तिथे गाडी लावायचे. बरीच वर्षं मला माहीतच नव्हतं. एकदा पाटी वाचली आणि गाडीत नुसती बसून राहिले.

पुढे बॉस्टनच्या काळ्या चर्चच्या लोकांनी वर्गणी करून १,३०० डॉलरला बर्न्सला सोडवला. तो ओहायोत ओबर्लिनला शिकला, कॅनडात सेंट कॅथरिन्सला पाद्री झाला आणि १८६२मध्ये वारला, तिशीही गाठली नाही. मॅसॅच्युसेट्समधून त्याच्यानंतर एकाही माणसाला गुलामगिरीत परत पाठवलं गेलं नाही.

मधल्या काळात व्हर्जिनियातल्या त्याच्या जुन्या चर्चने त्याला बहिष्कृत केलं होतं. कारण: मालकाला सोडून पळाला. त्याने पत्राने उत्तर दिलं की मला जन्मतःच चोरून गुलाम केलं होतं, मग मी पळालो यात चोरी कुणाची?

जुना_खोडकर

रिचमंडला दक्षिणेचे सेनापती ली साहेब यांचा पुतळा होता ना मोठा?

रिचमंडकरीण

होता, मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यूवर. सप्टेंबर २०२१मध्ये काढला. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक बघायला गेले होते, काही टाळ्या वाजवायला, काही गप्प उभं राहायला.

लंपकिनची गोष्ट मात्र राहिली की. त्याची बायको मेरी ही मुळात त्याचीच गुलाम. युद्धानंतर तो मेला, जागा तिच्याकडे आली. तिने ती मोकळ्या झालेल्या काळ्या लोकांना शिकवायला भाड्याने दिली. कोठड्यांच्या खिडक्यांचे गज काढून तिथे वर्ग भरले. ते आजचं व्हर्जिनिया युनियन विद्यापीठ.

शनिवारी स्टेशनाकडे जाणार आहे. पाऊस नसला तर फोटो काढून इथे टाकते.